नदीवरच्या क्रूझ बोटीचं बारकाईचं मॉडेल: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पहिलं मॉडेल करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे युद्धनौका नाहीतर शिडाचं जहाज येतं. माझा सल्ला वेगळा आहे. नदीवर चालणारी, प्रवाशांच्या खोल्या असलेली क्रूझ बोट घ्या. तिचा तळ परातीसारखा सपाट असतो, बाजू सरळ उभ्या असतात आणि वरचे मजले म्हणजे ओळीने खोल्या. गोलाई काय ती दोन टोकांना. स्टीलची पट्टी, कटर आणि गुण्या बैजवार धरता येत असतील तर सांगाडा कुणालाही जमतो.

अवघड आहे ते पुढचं. तीच खिडकी पन्नास वेळा, कठड्याचा तोच खांब ऐंशी वेळा. एकट्या खिडकीतली अर्ध्या मिलिमीटरची चूक कुणाला दिसली नसती. पण शेजारी बरोबर मापाची दुसरी उभी असते, म्हणून ती लगेच डोळ्याला टोचते. त्यामुळे या लेखात एक गोष्ट पुन्हापुन्हा येईल: आधी साचा करा, मग वस्तू.

कोणती बोट आणि केवढी

युरोपात ऱ्हाइन आणि डॅन्यूबवर चालणाऱ्या मोठ्या क्रूझ बोटी १३५ मीटर लांब आणि जेमतेम साडेअकरा मीटर रुंद असतात. ऱ्हाइनची उपनदी माइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ साली पूर्ण झाला. त्यावरच्या जलपाशांची, म्हणजे बोटी वर-खाली करणाऱ्या दरवाजांच्या हौदांची, रुंदी १२ मीटर आहे, म्हणून बोटीही त्याच मापात बसवलेल्या. पूल बुटके असल्यामुळे त्यांची सुकाणूची खोली खाली उतरवता येते आणि वरच्या डेकचा कठडाही आडवा पाडता येतो. अशी बोट १:१०० प्रमाणात केली तर १३५ सेंटिमीटरची होईल. एवढी बोट ठेवायला घरात कपाट नसतं आणि एवढ्या लांबीवर काम सरळ ठेवायला हात मुरलेला लागतो. पहिल्या खेपेला ती नको.

त्यापेक्षा आपल्या देशातली ‘गंगा विलास’ घ्या. आपण मराठवाड्यातले लोक गोदावरीला गंगा म्हणतो; ही मात्र वाराणसीच्या गंगेवरची. १३ जानेवारी २०२३ रोजी ती वाराणसीहून निघाली. बांगलादेशातून आसामातल्या दिब्रुगडपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरचा, ५१ दिवसांचा प्रवास आखलेला होता. लांबी ६२ मीटर, रुंदी १२ मीटर, तीन डेक, १८ खोल्या, ३६ प्रवासी. आणि आपल्यासाठी सगळ्यांत मोलाचा आकडा म्हणजे तिचा पाण्याखालचा भाग फक्त १.४ मीटर. नदीत वाळूचे उथळ पट्टे असतात, त्यामुळे एवढी मोठी बोट इतक्या कमी पाण्यात चालावी लागते.

१:१०० प्रमाणात ही बोट ६२ सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद आणि पाण्याखाली १४ मिलिमीटर. टेबलावर मावते आणि आकडेमोडही सोपी: खऱ्या बोटीतला मीटर म्हणजे मॉडेलमधला सेंटिमीटर. हे प्रमाण निवडण्याचं आणखी एक कारण आहे. आर्किटेक्चरचे विद्यार्थी याच प्रमाणात इमारतींची मॉडेलं करतात, म्हणून त्यांच्या सामानाच्या दुकानात १:१०० ची माणसं आणि खुर्च्या तयार मिळतात. असं माणूस साधारण १६-१७ मिलिमीटर उंच असतं.

फोटोवरून मापं

नकाशा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर बरोबर बाजूने, लांबून काढलेला फोटो शोधा. जवळून किंवा तिरप्या कोनातून काढलेल्या फोटोत एक टोक मोठं आणि दुसरं लहान दिसतं. त्यावरून मापं घेऊ नका.

फोटो छापून घ्या आणि त्यावर बोटीची लांबी मोजा. समजा ती २४.८ सेंटिमीटर भरली. खरी लांबी ६२ मीटर, म्हणजे फोटोतला एक सेंटिमीटर अडीच मीटरचा. आता त्याच फोटोत खिडकीची उंची ६ मिलिमीटर भरली तर खरी उंची दीड मीटर आणि मॉडेलवर १५ मिलिमीटर. अशी डेकची उंची, खिडक्यांमधलं अंतर, दरवाजे, कठडा सगळं काढून वहीत एका पानावर लिहा. ताळा पाहायला दरवाजा मोजा. तो दोन मीटरच्या आसपास आला पाहिजे. दीड किंवा तीन आला तर फोटो बदला.

मग ग्राफ पेपरवर मॉडेलच्याच मापात वरून दिसणारा आणि बाजूने दिसणारा असे दोन नकाशे काढा. वरून दिसणारा नकाशा अर्धाच काढायचा. मधली रेघ मारायची, एका बाजूचा कार्डशीटचा साचा कापायचा आणि तोच उलटा ठेवून दुसरी बाजू आखायची. दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढल्या तर त्या कधीच सारख्या येत नाहीत.

सामान

संभाजीनगरात गुलमंडी-औरंगपुरा, नांदेडला वजिराबाद, लातूरला गंजगोलाईचा परिसर पालथा घातला की जवळजवळ सगळं मिळतं. मुख्य सामान म्हणजे सनबोर्ड. फ्लेक्स आणि पाट्या करणाऱ्यांकडे तो असतो, महालक्ष्म्यांच्या आणि गणपतीच्या सजावटीतही वापरतात. २ आणि ३ मिलिमीटरचा थोडा जास्त घ्या, ५ मिलिमीटरचा एक तुकडा पुरे. सनपॅक घेऊ नका, तो आतून पोकळ नळ्यांचा असतो. थर्माकोल तर अजिबात नको. स्प्रेचा रंग लागला की विरघळतो.

बाकी फेविक्विक, फेव्हिकॉल, अराल्डाइट, गाडीच्या रंगकामात वापरतात ती पुट्टी, १२०, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, एक सपाट कानस, मास्किंग टेप, १ मिलिमीटरची पारदर्शक ॲक्रिलिक शीट. कटरची पाती भरपूर घ्या. बोथट पातं सनबोर्डची कड फाडतं आणि घसरून बोटही कापतं. एका घावात तुकडा पाडायला जाऊ नका. हलक्या हाताने तीन-चार वेळा पातं फिरवलं की कड स्वच्छ येते.

सांगाडा

३ मिलिमीटरच्या सनबोर्डचा तळ कापा. इथे नवखे हमखास अडखळतात: बोट १२ सेंटिमीटर रुंद हवी म्हणून तळही १२ चा कापतात, मग दोन्ही बाजूंना २ मिलिमीटरच्या सनबोर्डचे पत्रे चिकटले की रुंदी १२.४ होते. जाडी आधीच वजा करा, तळ ११.६ चा ठेवा. हाच नियम प्रत्येक मजल्याला लागू आहे.

तळाच्या मधोमध लांबीभर उभी पट्टी चिकटवा, हा कणा. त्याला काटकोनात आडव्या फासळ्या, दर ६ सेंटिमीटरला एक, टोकांकडे ३ सेंटिमीटरला. मधल्या सगळ्या फासळ्या एकाच कार्डच्या साच्यावरून कापा, एकत्र धरून टेबलावर ठोका आणि उंची सारखी आहे का बघा. जी वर येते ती पॉलिश पेपरवर घासून खाली आणा. चिकटवताना प्रत्येक फासळीला गुण्या लावायचाच. काम जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर करा. लाकडी टेबल सपाट दिसतं पण बहुधा नसतं.

पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, ५ मिलिमीटरच्या सनबोर्डचे थर एकावर एक चिकटवून ठोकळा करा. प्रत्येक थर नकाशावरच्या गोलाईपेक्षा किंचित मोठा ठेवायचा. एक दिवस तसाच राहू द्या. मग कानशीने ढोबळ आकार आणि पुढे पॉलिश पेपर १२०, २२०, ४०० या क्रमाने. घासताना अर्ध्या नकाशाचा साचा डावीकडे लावून बघा, उजवीकडे लावून बघा. मागचं टोकही असंच.

बाजूचे पत्रे मधल्या भागात सरळ बसतात. गोलाईजवळ पत्रा वाकवायचा असेल तर जोर करू नका. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो आणि पीव्हीसी गरम झालं की मऊ पडतं. हेअर ड्रायरने शेकून बाटलीभोवती धरलं आणि गार होऊ दिलं की वळण कायम राहतं.

हौदातली परीक्षा

मॉडेल कपाटातच ठेवणार असाल तरी ही पायरी गाळू नका. बोट पाण्यात कशी बसते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वजनाचा सगळा हिशोब कळतो.

लांबी ६२, रुंदी १२, पाण्याखालचा भाग १.४ सेंटिमीटर. गुणाकार १,०४० घनसेंटिमीटरच्या आसपास. टोकं गोल असल्यामुळे त्यातला साधारण ८५ टक्के भाग खरा धरा, म्हणजे ८८५. एक घनसेंटिमीटर पाणी एक ग्रॅमचं. तेव्हा बोट तयार झाल्यावर तिचं एकूण वजन ८८५ ग्रॅमच्या जवळ आलं तरच ती खऱ्या बोटीइतकी पाण्यात बसेल. पुढे दर ६५ ते ७० ग्रॅमला ती एक मिलिमीटर खाली जाते.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. सपाट तळाची रुंद बोट डोलत नाही, याचं कारण ती पाण्यात उथळ बसते. चौकोनी डब्याचं गणित मांडलं तर १.४ सेंटिमीटर बसणाऱ्या या मापाच्या बोटीचा गुरुत्वमध्य तळापासून ९ सेंटिमीटरपर्यंत वर गेला तरी ती उलटणार नाही. तीच बोट जड प्लायवूडची करून ३ सेंटिमीटर बुडवली तर ही मर्यादा साडेपाचवर येते. वजन वाढलं की बोट खाली जाते आणि वर तिचा तोलही कमी होतो. म्हणून वरचे मजले हलके, २ मिलिमीटरचेच. वजन कमी पडलं तर लोखंडी वॉशर तळाला, कण्याच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटून चिकटवा.

सांगाडा बंद करण्याआधी जोडांना आतून अराल्डाइटचा पातळ हात द्या. मग हौदात किंवा मोठ्या टबात सोडा, वरच्या मजल्यांच्या वजनाइतके वॉशर ठेवा आणि अर्धा तास राहू द्या. एका कुशीवर कलली तर वॉशर सरकवा. आत पाणी आलं तर जोड कुठे सुटलाय ते याच वेळी सापडतं, नंतर नाही.

पुट्टी आणि पाण्याची रेघ

पुट्टी पातळ लावा, वाळू द्या, घासा, पुन्हा लावा. जाड थर वाळताना तडकतो. प्रायमर मारल्यावर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च बाजूने आडवा धरा, प्रत्येक खड्डा आणि उंचवटा दिसतो.

पाण्याची रेघ हाताने मारू नका. बोट काचेवर ठेवा, तळाखाली चार सारखे तुकडे ठेवून ती काचेला समांतर करा. त्या तुकड्यांच्या उंचीत १४ मिलिमीटर मिळवून तेवढ्या उंचीच्या ठोकळ्यावर पेन्सिल टेपने पक्की करा आणि ठोकळा काचेवरून बोटीभोवती फिरवा. गोल टोकालाही रेघ आपोआप बरोबर येते. रंग बदलताना रेघेवर मास्किंग टेप लावून कड नखाने दाबा. आधी खालचाच, म्हणजे टेपखाली असलेलाच रंग कडेवर हलका मारा. टेपच्या फटीत तो जाऊन बसतो, मग वरच्या रंगाला आत शिरायला जागाच उरत नाही. ही युक्ती कळली की धारदार रेघ दर वेळी येते.

खिडक्या

इथे घाई केली तर सगळ्या कामावर पाणी पडतं, म्हणून जास्त वेळ इथेच द्या. सनबोर्डमध्ये एकेक खिडकी कटरने कापणं हा सर्वांत वाईट मार्ग. त्यापेक्षा आपल्या गावातला रेडियमवाला गाठा. गाड्यांच्या नंबर प्लेटची अक्षरं तो ज्या मशीनवर कापतो, तेच मशीन तुमच्या सगळ्या खिडक्या एका मापात कापून देतं. त्याच्याकडे कोरल ड्रॉ हे आखणीचं सॉफ्टवेअर असतंच. एका खिडकीचं माप, कोपऱ्यांची किंचित गोलाई आणि दोन खिडक्यांमधलं अंतर लिहून न्या. एक खिडकी काढून तिच्याच प्रती ओळीत मांडायला सांगा. कागद पांढरा, मॅट घ्या. चमकणारा घेतला तर बोट खेळण्यातली दिसते.

हा कागद १ मिलिमीटरच्या ॲक्रिलिकच्या पट्टीवर चिकटवायचा. पट्टीवर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे कागद सरकवून सरळ करता येतो. मग जुन्या एटीएम कार्डने मधून कडेकडे पाणी काढा. रात्रभर वाळू द्या. पांढरा भाग भिंत, उघडा भाग काच.

पट्टी डेकवर बसवताना फेविक्विक वापरू नका. त्याच्या वाफेने ॲक्रिलिकवर पांढरी धुरकट झाक येते आणि ती जात नाही. अराल्डाइट थेंबाथेंबाने लावा. आत, काचेमागे बोटभर अंतरावर गडद राखाडी कार्डची भिंत उभी करा, नाहीतर बोटीतून आरपार दिसतं. क्रीम रंगाच्या टिश्यू पेपरच्या बारीक पट्ट्या पडदे म्हणून लावा, काही उघडे, काही अर्धे, एखादा पूर्ण ओढलेला. खोल्यांमध्ये माणसं राहतात असं वाटायला एवढं पुरतं. दिवे घालायचे असतील तर पिवळसर एलईडी पट्टी छताला लावा, आणि छताला आतून आधी काळा, मग पांढरा रंग द्या. नुसत्या पांढऱ्यातून उजेड बाहेर झिरपतो.

कठडा

कठड्यासाठी मोटार वाइंडिंगच्या दुकानात जा. पाण्याच्या मोटारी आहेत तिथे वाइंडिंगवाला आहेच, आणि तो तारेचं माप गेजमध्ये बोलतो. २६ गेज तार साधारण ०.४६ मिलिमीटर, खांबांसाठी योग्य. आडव्या दांड्यांना ३० गेज. जळालेल्या मोटारीची काढलेली तार घेऊ नका, नव्या रिळाची मागा.

तार आधी सरळ करायची. एक टोक पक्कडने खिडकीच्या गजाला पक्कं बांधा, दुसरं पक्कडीत धरून हळूहळू ताणा. तार किंचित लांबल्यासारखी हाताला जाणवते, तिथेच थांबा. आता ती काडीसारखी सरळ झालेली असते आणि थोडी कडकही.

साच्यासाठी सागवानाची एक पट्टी घ्या. तिच्यावर दर १५ मिलिमीटरला आडवा खाचा पाडा, हॅक्सॉचं पातं पुरेसं आहे. खऱ्या बोटीवर ते दीड मीटरचं अंतर. खांब कापून खाच्यात ठेवा: ११ मिलिमीटर वर दिसायला आणि ३ मिलिमीटर डेकच्या भोकात जायला, एकूण १४. वरून आडव्या तारा पेन्सिलच्या रेघांवर ताणून दोन्ही टोकांना टेपने बांधा. जिथे तार तारेला भेटते तिथे सुईच्या टोकाने फेविक्विकचा कणभर थेंब. नळीतून थेट सोडलात तर गाठी येतात आणि रंगानंतर त्या ठळक दिसतात. सोल्डर करता येत असेल तर जास्त मजबूत होतं, मात्र तांब्यावरचं वार्निश आधी खरवडावं लागतं.

डेकवरची भोकं रंगाच्या आधी पाडा, तीही त्याच पट्टीवरच्या खाच्यांवरून खुणा करून. वेगळी मोजणी केली तर खांब आणि भोकं जुळत नाहीत.

रंग आणि आपलं हवामान

शुद्ध पांढरा मारू नका. लहान वस्तूवर तो फार भडक दिसतो. राखाडीचे दोन थेंब घालून मवाळ करा. काळ्याचंही तेच, गडद राखाडी घ्या.

एप्रिल-मे मध्ये दुपारी आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. त्या वेळी स्प्रे मारला तर रंग वस्तूवर पोचेपर्यंतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सकाळी लवकर, फरशी पुसून, पंखा बंद करून मारा. अंतर २० ते २५ सेंटिमीटर, थर पातळ. पावसाळ्यात दमट दिवशी लॅकर पांढुरका पडतो. कोरडा दिवस येईपर्यंत थांबा. बोट पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका, सनबोर्ड वाकतो आणि मग सरळ होत नाही.

प्रत्येक मजला वेगळा रंगवून शेवटी जोडा. वरच्या डेकवर खुर्च्या आणि माणसं मोजकीच ठेवा. ३६ प्रवाशांची बोट आहे, गर्दी केली तर प्रमाण बिघडल्यासारखं दिसतं.

पाण्यात सोडायची असेल तर

पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर मोठा आहे, जवळपास ३५० चौरस किलोमीटरचा. वारा सुटला की तिथे लाटा उठतात, आणि १४ मिलिमीटर पाण्यात बसणाऱ्या बोटीला त्या झेपत नाहीत. शांत, उथळ पाणी हवं. शेततळं सोयीचं वाटतं, पण त्याच्या उतरत्या काठावर प्लॅस्टिक अंथरलेलं असतं. पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. लेकरांना तिथे बोट घेऊन अजिबात पाठवू नका. गुडघाभर पाण्याचा हौद किंवा सिमेंटचं बंदिस्त टाकं बरं, आणि बोटीला मागे बारीक दोरी बांधलेली असू द्या.

गावाहून गावाला न्यायची तर बोट हातात धरू नका. खोबणी असलेल्या दोन ठोकळ्यांवर बसवा, मऊ कापडी पट्टीने पाण्याच्या रेघेखाली बांधा आणि ठोकळे पेटीच्या तळाला स्क्रूने आवळा. पेटीत कागदाचे बोळे भरू नका. कठड्याला पहिला धक्का त्यांचाच लागतो.